पोटावरची पिशवी आणि मीठ-पाण्याचा हिशेब

गुदाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की घरातल्यांचे प्रश्न दोनच असतात. गाठ पूर्ण निघाली का, आणि पोटावर लावलेली ही पिशवी किती दिवस राहणार. मूत्रपिंडांबद्दल कोणी विचारत नाही. ती दुखत नाहीत, सुजून वर येत नाहीत, आणि मुळात आजार आतड्याचा असताना त्यांचा काय संबंध, असंच वाटतं. संबंध मात्र फार जवळचा आहे. लहान आतड्यावर तात्पुरतं तोंड काढलेल्या रुग्णांना घरी गेल्यावर पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागतं, त्याच्या सर्वांत नेहमीच्या कारणांत अंगातलं पाणी आणि मीठ कमी होणं हे एक आहे, आणि त्याचा पहिला फटका मूत्रपिंडांना बसतो. यातलं बरंचसं नुकसान घरच्या घरी टाळता येतं, म्हणून हे सगळं नीट समजून घ्यायला हवं.

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावातून या आजाराची वाट साधारण एकसारखी जाते. शौचावाटे रक्त पडतं, मूळव्याध समजून काही महिने जातात, मग गोंदियात तपासणी, दुर्बिणीतून घेतलेला तुकडा, आणि पुढे नागपूर. रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. काही कुटुंबं विदर्भ एक्सप्रेसने थेट मुंबईला, टाटा मेमोरियलला जातात. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांत सुट्टी होते आणि माणूस घरी परततो. पुढचे पाच-सहा आठवडे तो सर्जनपासून दूर, घरच्यांच्या भरवशावर असतो. मूत्रपिंडांना सर्वांत जास्त धोका असतो तो याच आठवड्यांत.

आधी, हे तोंड काढतात कशासाठी? गुदाशय हा मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. तिथली गाठ काढल्यावर वरचं आतडं खाली आणून उरलेल्या टोकाला जोडावं लागतं. जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितकी तो उसवण्याची भीती जास्त. ऑपरेशनआधी रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला ‘लाईट घेणं’ म्हणतात ते झालं असेल तर आणखी जास्त. जोड उसवला तर मळ ओटीपोटात पसरतो आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून सर्जन लहान आतड्याच्या शेवटाकडचा एक वेढा, बहुधा पोटाच्या उजव्या बाजूने, बाहेर काढतात. मळ तिथूनच पिशवीत पडतो आणि खालच्या जोडाला भरून यायला निवांत वेळ मिळतो. याला लूप इलिओस्टोमी म्हणतात. स्वीडनमधल्या २३४ रुग्णांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं तोंड काढलेल्यांपैकी १०.३ टक्के रुग्णांचा जोड त्रास होण्याइतका गळला, न काढलेल्यांत हेच प्रमाण २८ टक्के होतं. पिशवीचा कंटाळा आलेल्या घरात हे आकडे जरूर सांगावेत. तिने एक मोठं संकट अंगावर घेतलेलं असतं.

काही रुग्णांमध्ये लहान आतड्याऐवजी मोठ्या आतड्याचं तोंड बाहेर काढतात. ती कोलोस्टोमी. तिच्यातून येणारा मळ बराच घट्ट असतो, पाणी फारसं जात नाही, आणि मूत्रपिंडांवर तितका ताण येत नाही. आपली कोणती, हे डिस्चार्ज कार्डावर असतं. नसेल तर विचारून लिहून घ्यावं, कारण पुढचं सगळं इलिओस्टोमीबद्दल आहे.

आता पाण्याचा हिशेब. आपण दिवसभरात खाण्यापिण्यातून दोन लिटरच्या आसपास द्रव पोटात घेतो. शरीर स्वतः त्यात आणखी सहा-सात लिटर ओततं. लाळ, जठरातला आम्लरस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा स्वतःचा पाझर. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यातून वाहतो. त्यातला बहुतेक लहान आतडंच परत रक्तात शोषून घेतं आणि साधारण दीड लिटर मोठ्या आतड्यात उतरतो. मोठं आतडं त्यातलं जवळपास सगळं पाणी आणि मीठ ओढून घेतं, आणि शौचात जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी उरतं.

इलिओस्टोमी झाली की हा शेवटचा टप्पा वाटेतून निघून जातो. मोठं आतडं पोटात असतं, पण बेकाम. जे दीड लिटर त्याने वाचवलं असतं, ते पिशवीत येऊ लागतं. सुरुवातीच्या दिवसांत पिशवीत हिरवट-पिवळं पाणीच दिसतं. मग काही आठवड्यांत लहान आतडं हळूहळू जास्त शोषायला शिकतं, पाझर दाटसर होतो, आणि बहुतेकांचं प्रमाण दिवसाला ५०० ते १००० मिलिलिटरवर स्थिरावतं. हे चालण्याजोगं आहे. दीड लिटरच्या वर गेलं आणि तिथेच राहिलं, तर त्याला डॉक्टर ‘हाय आउटपुट’ म्हणतात, आणि तिथून धोका सुरू होतो.

लोकांच्या नजरेतून सुटतं ते पाण्यासोबत जाणारं मीठ. इलिओस्टोमीच्या एक लिटर पाझरात साधारण सहा ग्रॅम मीठ असतं, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. दीड लिटर गेलं तर नऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. तेव्हा रक्तदाबामुळे वर्षानुवर्षं अळणी खाणारा आपला रुग्ण ऑपरेशननंतरही तसाच अळणी खात राहिला, तर रोज जाणारं मीठ येणाऱ्या मिठापेक्षा जास्त होतं. पाणी रक्तात टिकून राहतं ते मिठाच्या आधारावर. मीठ गेलं की पाणी कितीही प्या, ते टिकत नाही.

मूत्रपिंडांचं काम रक्ताच्या प्रवाहावर चालतं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या दोन मूत्रपिंडांकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेऊन दीडेक लिटर लघवी बाहेर टाकतात. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की शरीर आधी मेंदू आणि हृदयाचा पुरवठा राखतं, आणि मूत्रपिंडांचा हिस्सा कापला जातो. आपल्याकडे तलावाचं पाणी कमी पडलं की पाटाच्या टोकाची बांधी आधी कोरडी पडते, तसंच. मूत्रपिंडं मग शक्य ते सगळं करतात. रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन या संप्रेरकांची साखळी जागी होते, लघवीतून मीठ जाणं जवळपास बंद होतं, लघवी कमी आणि गडद होते. पण मीठ वाचवण्याच्या या धडपडीत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे निसटतात. पायात गोळे येणं, हात थरथरणं, छातीत धडधडणं यामागे बरेचदा मॅग्नेशियमची कमतरता असते, आणि ते भरून आल्याशिवाय पोटॅशियमही जागेवर येत नाही.

इथवर पोचलेलं मूत्रपिंड पाणी-मीठ मिळताच पूर्ववत होतं. प्रवाह बराच वेळ कमी राहिला तर मात्र गाळण्याच्या नलिकांच्या पेशी मरायला लागतात. एकदा झालं तर बहुधा भरून येतं. महिन्याभराने पुन्हा झालं, उन्हाळ्यात आणखी एकदा झालं, तर प्रत्येक वेळी थोडी क्षमता कायमची जाते. स्वीडन, ब्रिटन, कॅनडा इथल्या शल्यचिकित्सकांनी इलिओस्टोमीच्या रुग्णांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा हेच दिसलं. पिशवीच्या काळात अनेकांच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटते, आणि काहींमध्ये पिशवी बंद झाल्यावरही ती पूर्ण परत येत नाही. वय जास्त असलेले, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेले आणि आधीच मूत्रपिंडं थोडी कमजोर असलेले, यांना धोका जास्त. शिवाय लघवी कमी आणि आम्लधर्मी झाल्याने युरिक अ‍ॅसिडचे मूतखडे होतात, तो त्रास वेगळाच.

रक्तात मूत्रपिंडांच्या इजेची खूण क्रिएटिनीन या टाकाऊ पदार्थात दिसते, आणि या आकड्याबाबत एक गैरसमज घात करतो. प्रयोगशाळेच्या कागदावर १.३ मिलिग्रॅमपर्यंत ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. रुग्णाचा आकडा १.२ आला की घरचे निश्चिंत होतात. पण ऑपरेशनआधी तोच आकडा ०.७ असेल तर? मग तो दीडपटीहून वर गेला आहे. आठवड्याभरात दीडपट, किंवा ४८ तासांत ०.३ ने वाढ, याला मूत्रपिंडांची तातडीची इजा म्हणतात. छापील मर्यादेशी तुलना करून हे कळत नाही, स्वतःच्या जुन्या आकड्याशी करून कळतं. दुसरं असं की क्रिएटिनीन स्नायूंतून येतं. कर्करोगाने वाळलेल्या माणसाचे स्नायूच कमी झालेले असतात, त्यामुळे मूत्रपिंडं दमलेली असूनही आकडा साळसूद दिसू शकतो. म्हणून ऑपरेशनआधीचं क्रिएटिनीन फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनीन, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्यावं. यासाठी नागपूर गाठायची गरज नसते, हे रक्त गोंदियातच तपासून होतं. २०१६ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कागदाचा फोटो काढून सर्जनच्या टीमला पाठवला तरी पुष्कळ काम होतं.

आता गावाकडे सर्रास होणारी एक चूक. पिशवी भराभर भरते, तोंड कोरडं पडतं, म्हणून रुग्ण तांब्यावर तांबे पाणी पितो. घरचेही आग्रह करतात. आतडं मात्र पाणी थेट ओढू शकत नाही. आधी सोडियम आत जातं आणि पाणी त्याच्या मागे जातं. लहान आतड्याच्या वरच्या भागात साधं पाणी आलं की उलट रक्तातलं सोडियम आतड्यात उतरतं, आणि ते मीठ, त्यासोबतचं पाणी, दोन्ही पिशवीत जाऊन पडतं. पिशवी जास्त भरते, तहान आणखी लागते, माणूस आणखी पाणी पितो. चहा, गोड सरबत, ग्लुकोज पावडरचं पाणी, बाटलीबंद शीतपेय यांचंही तेच, उलट जास्त साखर आतड्यात आणखी पाणी ओढते. नारळपाणी आपण आजाऱ्याला प्रेमाने देतो. पण त्यात सोडियम फार थोडं आणि पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे जाणारं मीठ ते भरून काढू शकत नाही, आणि मूत्रपिंडं बिघडलेली असताना ते पोटॅशियम हृदयाला घातक ठरू शकतं. पाझर ५००-८०० मिलिलिटरवर असेल तर साधं पाणी प्यायला हरकत नाही, जेवणात मीठ थोडं जास्त असलं म्हणजे झालं. पाझर वाढलेल्या दिवशी मात्र साधं पाणी आणि इतर बिनमिठाची पेयं मिळून दिवसाला अर्धा ते एक लिटरवर आणतात, आणि बाकी सगळा द्रव मीठ-साखरेच्या योग्य मिश्रणातून देतात.

हे मिश्रण म्हणजे ओआरएस. सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आतड्याच्या भिंतीतून आत जातात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रमातून वाटून हजारोंचे प्राण वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पाळण्यातल्या बाळाच्या जुलाबाचं औषध म्हणून आपण ओळखतो ते हेच पाकीट इलिओस्टोमीच्या रुग्णाचंही औषध आहे. आरोग्य केंद्रात ते फुकट मिळतं. २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवलं की लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम होतं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने ढवळू नये. इलिओस्टोमीत ९० मिलिमोलच्या आसपास सोडियम असलेलं पाणी अधिक चांगलं शोषलं जातं, म्हणून काही डॉक्टर पाकीट जरा कमी पाण्यात करायला सांगतात किंवा वेगळं मिश्रण देतात. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाचं हे मिश्रण जगभर वापरलं जातं. ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. हृदयाचा आजार असलेल्याला इतकं मीठ झेपेलच असं नाही. दुकानातून घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं वाचूनच घ्यावं. ओआरएस नावाने विकल्या जाणाऱ्या गोड पेयांत साखर फार आणि सोडियम फार कमी असायचं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना हे नाव वापरायला मनाई केली.

धानाच्या या जिल्ह्यातल्या रुग्णाला एक गोष्ट मात्र अनुकूल आहे. भातामुळे इलिओस्टोमीचा पाझर दाट होतो. मऊ शिजवलेला भात, मीठ घातलेली तांदळाची पेज, केळं, उकडलेला बटाटा, हे सगळं या काळात उत्तम अन्न आहे. पातळ ताक मीठ घालून थोडंथोडं चालतं. जेवताना मोठे पेले भरून पिऊ नये, जेवण आणि पिणं यात अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. लाखोळीची भाजी, अंबाडी, मक्याचं कणीस, ओलं खोबरं, शेंगदाणे असं चिवट किंवा दाणेदार पहिल्या सहा-आठ आठवड्यांत टाळावं, ते तोंडाशी अडकतं. पाझर तरीही जास्त असेल तर डॉक्टर लोपरामाईड देतात, जेवणाआधी अर्धा तास. ते आतड्याची चाल मंदावतं आणि शोषायला वेळ मिळवून देतं. सोबत बहुधा जठराचा आम्लरस कमी करणारी गोळी असते. आपल्याला किती गोळ्या लागतात ते पाझर मोजूनच ठरतं.

म्हणून मोजणं. मापाचा एक प्लास्टिकचा मग या कामासाठी वेगळा ठेवावा. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की त्यात रिकामी करावी, आकडा वहीत लिहावा. लघवीही तशीच मोजावी. सकाळी उठल्यावर वजन. दिवसाची लघवी एक लिटरच्या जवळ असेल आणि रंग फिकट असेल तर मूत्रपिंडांना पुरेसं मिळतंय. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने उतरलं तर ते मांस नव्हे, पाणी गेलं आहे. पहिला महिना ही वही नेमाने ठेवावी, आणि हे काम घरातल्या एकाच माणसाकडे असावं, मग ती बायको असो, सून असो की मुलगा. प्रत्येकाने थोडं थोडं केलं की आकडे हरवतात. तिसऱ्या आठवड्यात फोनवर ‘पिशवी खूप भरते’ असं सांगण्यापेक्षा ‘काल अठराशे, परवा सोळाशे, लघवी चारशे’ असं सांगितलं तर पलीकडचा डॉक्टर लगेच निर्णय घेऊ शकतो.

उन्हाळ्याचं इथे वेगळं सांगावं लागेल. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि नवतपातली तपन सगळ्यांना ठाऊक आहे. घामातूनही मीठ-पाणीच जातं. पिशवीतून एक लिटर आणि घामातून एक लिटर, हे मूत्रपिंडांना दोन्हीकडून कापणं आहे. तेंदूपाने तोडायला जाणाऱ्या, वीटभट्टीवरच्या किंवा जुलैत रोवणीत दिवसभर वाकून राबणाऱ्या रुग्णाने पिशवी असेपर्यंत त्या कामाला जाऊ नये, हेच खरं. पण मजुरी बुडते हेही खरं. जावंच लागलं तर सकाळी लवकर, सोबत ओआरएसची बाटली घेऊन, आणि दुपारी घरी. पावसाळ्यात दूषित पाण्याने गॅस्ट्रो होतो. निरोगी माणूस त्यातून दोन दिवसांत उठतो, इलिओस्टोमीचा रुग्ण एका दिवसात कोसळू शकतो. त्याचं पाणी उकळूनच असावं.

औषधांकडे अधिक सावध राहून बघायला हवं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक अशा वेदनाशामकांनी मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी आकसते. पाणी कमी असताना अंगदुखीवर घेतलेलं असं एक इंजेक्शनसुद्धा महागात पडू शकतं. गावच्या डॉक्टरांना ‘मला इलिओस्टोमी आहे, हे इंजेक्शन नको’ असं सांगायला संकोच करू नये, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, या एरवी चांगल्या आहेत. पण पाझर वाढलेला असताना त्या घेत राहणं धोक्याचं ठरू शकतं. अशा वेळी डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून कोणती गोळी थांबवायची ते विचारावं. ऑपरेशननंतर वजन उतरलेल्या माणसाचं बीपी तसंही खाली आलेलं असतं, जुना डोस तसाच चालू ठेवायचा की नाही हे पहिल्याच भेटीत तपासून घ्यावं.

किमोथेरपी सुरू झाली की हा प्रश्न आणखी टोकदार होतो. गुदाशयाच्या कर्करोगात कॅपेसिटाबिन या गोळ्या आणि ऑक्झॅलिप्लाटिनचं सलाईन नेहमी वापरलं जातं. कॅपेसिटाबिनने जुलाब होतात, म्हणजे पाझर वाढतो. आणि हे औषध शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडांतून. क्रिएटिनीन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता, मिनिटाला ३० ते ५० मिलिलिटरच्या दरम्यान आला तर डोस पाऊणवर आणावा लागतो, ३० च्या खाली गेला तर औषध देताच येत नाही. म्हणजे मूत्रपिंडं सांभाळणं हा कर्करोगाच्या उपचाराचाच भाग आहे. ती बिघडली तर ज्या औषधाने आजार परत येण्यापासून रोखायचा, तेच हातचं जातं. सीटी स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्य देण्याआधीही क्रिएटिनीन बघितलं जातं ते मूत्रपिंडं जपण्यासाठीच.

दवाखाना कधी गाठायचा? पाझर एका दिवसात दोन लिटर झाला, किंवा सलग दोन दिवस दीड लिटरच्या वर राहिला. आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा दिवसभरात अर्धा लिटरही झाली नाही. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, उलट्या थांबत नाहीत, गुंगी येते. यातलं एकही असेल तर रात्र काढू नये. याउलट पोट फुगून मुरडा येतोय आणि पिशवीत काहीच येत नाही, तर तो अडथळा असू शकतो. तीही तातडीचीच वेळ, पण तेव्हा तोंडाने काही देऊ नये. दवाखान्यात पोचल्यावर डिस्चार्ज कार्ड आणि वही पुढे ठेवावी. आपण ज्याला ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणतो त्या पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मीठ नसतं. या रुग्णाला आधी लागतं ते ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाईन, त्यात लिटरमागे १५४ मिलिमोल सोडियम असतं. हे डॉक्टरांना माहीत असतं. पण गर्दीच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता समोरच्या माणसाला इलिओस्टोमी आहे, आतापर्यंत किती पाणी गेलं आणि जुनं क्रिएटिनीन किती होतं, ही माहिती सोबतच्या नातेवाइकानेच पुरवायची असते.

पिशवीचा खर्च आणि तिची निगा हा स्वतंत्र विषय आहे. इतकंच सांगतो की मुंबईची ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा रुग्णांसाठीच काम करणारी संस्था आहे, आणि मोठ्या कर्करोग रुग्णालयांत स्टोमाची काळजी शिकवणाऱ्या परिचारिका असतात. सुट्टीच्या दिवशी घाईत ऐकलेलं लक्षात राहत नाही, म्हणून भरती असतानाच पिशवी बदलायला आणि पाझर मोजायला घरच्या माणसाने त्यांच्याकडून हाताने करून शिकावं.

शेवटी पिशवी बंद करण्याचं. जोड भरून आला की साधारण दोन-तीन महिन्यांत हे तोंड बंद करता येतं. पण मध्ये किमो असते, ती संपायला सहा महिने लागतात, मग तारीख मिळत नाही, मग पेरणी येते, पैशाची सोय होत नाही, आणि वर्ष निघून जातं. मूत्रपिंडांच्या बाजूने बघितलं तर प्रत्येक जास्तीचा महिना हा धोक्याचा महिना आहे. मनात भीती असते की पुन्हा पोट फाडतील. पण हे ऑपरेशन पहिल्यापेक्षा बरंच लहान असतं, बहुधा तोंडाभोवतीच काप घेऊन होतं आणि काही दिवसांत घरी जाता येतं. त्याआधी दुर्बिणीने किंवा रंगद्रव्याच्या एक्स-रेने जोड तपासतात. पहिल्या ऑपरेशनच्या सुट्टीच्या वेळीच विचारावं: बंद करायचं कधी, कोणत्या तपासण्या लागतील, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसेल का. क्रिएटिनीन वारंवार वाढत असेल तर किमोच्या आधी किंवा मध्येच तोंड बंद करण्याचा विचारही सर्जन आणि किमोचे डॉक्टर मिळून करतात. तो विषय रुग्णाने स्वतः काढायला काहीच हरकत नाही.

तोंड बंद झाल्यावर मोठं आतडं पुन्हा कामाला लागतं आणि मीठ-पाणी परत शरीरात राहू लागतं. पहिले काही आठवडे शौचाला वारंवार जावं लागतं, पातळही होतं, तेव्हा ओआरएस आणि वही थोडे दिवस आणखी ठेवावी. तीन महिन्यांनी क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रथिन तपासावं. गाळण्याची क्षमता, म्हणजे कागदावरचा ईजीएफआर, तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर तो मूत्रपिंडाचा दीर्घ आजार मानतात, आणि अशा रुग्णाने वर्षातून किमान एकदा तपासणी, बीपी आणि साखरेवर ताबा आणि वेदनाशामकांपासून लांब राहणं, हे पुढेही चालू ठेवायचं असतं. ज्यांचा आकडा जुन्या जागी परत आला आहे, त्यांनीही पुढे कोणत्याही ऑपरेशनआधी किंवा सीटी स्कॅनआधी ‘मला इलिओस्टोमी होती आणि तेव्हा क्रिएटिनीन वाढलं होतं’ हे डॉक्टरांना सांगावं, आणि ते जुने कागद फाईलमधून काढून टाकू नयेत.